थंडीचा राक्षस

टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, फासे टाकीत खेळावयाचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्यातील पांढरा ड्रॅगन तोंडाने गारठा फुंकतो. आम्हांस विचाराल, तर हे आगीचेच सोंग, रंग तेवढा निराळा!

श्रोतेहो, थंडी ही मुळी वस्तूच नव्हे. उष्णता निघून जाणे म्हणजे थंडी. तेव्हा राक्षस रचावयाचा तो उबेचा भुकेला. सुमारे ३७ अंशांचा मानवी देह त्याला दुरून जाणवावा, शेकोटी तर त्याहूनही दुरून. आता हिमात अडकलेल्या खेळाडूंनी करावे काय? जाळ केला तर तो येणार, न केला तर गारठून मरण. फासा पडण्याआधीच वाद जुंपतो, आणि कोणी हळूच विचारतो, "आपल्यातला एकजण तापाने फणफणला आहे, त्याचे काय?"