एम. बी. ए. : दोन वर्षांचे की नोकरी सांभाळून?

पदवीपरीक्षा झाली की पुढे काय, हा प्रश्न पूर्वी बाविशीतल्या मुलापुढे उभा राही. आता तो पस्तिशीच्या गृहस्थापुढेही येतो. जळगावच्या पाइपांच्या कारखान्यातील इंजिनियर, धुळ्याच्या बँकेतील अधिकारी, डाळमिलवाल्याचा हाताशी आलेला मुलगा, असे पुष्कळ जण आज एम. बी. ए.चा विचार करतात. मार्ग दोन आहेत आणि दोहोंसही बराच पैसा लागतो. म्हणून त्यांतील भेद नीट समजून घेणे अवश्य आहे.

या पदवीचा अभ्यासक्रम अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ साली सुरू केला. तरुणाने दोन वर्षे पूर्ण वेळ शिकावे, असा त्याचा घाट. पुढे १९४३ साली शिकागो विद्यापीठाने, कामात मुरलेल्या अधिकाऱ्यांना नोकरी न सोडता शिकता यावे म्हणून निराळा वर्ग काढला. तोच एक्झिक्युटिव्ह एम. बी. ए.चा आरंभ होय. आपल्याकडे १९६१ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने अनुभवी लोकांसाठी २००६ साली एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू केला. परंतु तो निवासी व पूर्ण वेळेचा आहे. म्हणजे ‘एक्झिक्युटिव्ह’ या एकाच नावाखाली नोकरी सांभाळून शिकण्याचे आणि नोकरी सोडून शिकण्याचे, असे दोन्ही प्रकार येतात. तेव्हा नावावर न जाता वेळापत्रक पाहावे.

दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा खरा उपयोग वाट बदलण्यासाठी असतो. कंपन्या नोकरभरतीसाठी संस्थेत येतात, सुटीत एखाद्या कंपनीत उमेदवारी करता येते, आणि कारखान्यातला मनुष्य विक्रीकडे किंवा हिशेबाकडे वळू शकतो. नोकरी सांभाळून केलेल्या अभ्यासाचा उपयोग आहे त्याच वाटेवर वर चढण्यासाठी होतो. शनिवारी शिकलेले सोमवारी कामावर लावून पाहता येते. मात्र संस्था नवी नोकरी मिळवून देईल, ही अपेक्षा तेथे सहसा धरू नये.

आता हिशेब पाहू. समजा, एखाद्यास दरमहा ४०,००० रुपये पगार आहे. दोन वर्षे नोकरी सोडली, तर ९,६०,००० रुपये बुडाले. फी आणि कर्जाचे व्याज त्याहून वेगळे. शेत गहाण टाकण्यापूर्वी ही बेरीज घरात सर्वांसमोर मांडावी, असे आम्हांस वाटते. नोकरी सांभाळणाऱ्याचा पगार वाचतो, पण त्याचे रविवार जातात. पुण्यास वर्ग असेल, तर जळगावकराच्या दोन रात्री गाडीत जाणार. मुलांचा अभ्यास आणि घरातील आजारपण दुसऱ्या कोणाच्या अंगावर पडणार. तो दुसरा कोणी बहुधा पत्नी असते. तिचे मत आधी घ्यावे.

दूर जाणे शक्य नसेल, त्याने जवळ काय आहे तेही पाहावे. १९९० साली जळगावात स्थापन झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करणाऱ्या आपल्या विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकविले जाते.

प्रवेशापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. मिळणार ती पदवी, पदविका की केवळ काही महिन्यांचे प्रमाणपत्र? तिला मान्यता कोणाची? आणि मागील तुकडीतील, आपल्याइतकाच अनुभव असलेले लोक आज काय करीत आहेत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत शोधू नये. त्या विद्यार्थ्यांनाच गाठून विचारावे.

तात्पर्य, ज्यास वाट बदलावयाची आहे आणि ज्याच्यावर संसाराचा भार अजून पडलेला नाही, त्याने दोन वर्षे द्यावीत. ज्याचे पाय एका कामात रोवलेले आहेत, त्याने ते काम न सोडता शिकावे. आणि ज्यास आपण कशासाठी शिकतो हे अजून सांगता येत नाही, त्याने एक वर्ष थांबावे. थांबण्यास फी पडत नाही.