गाळलेल्या प्रथिनांचे पुढे काय होते?

‘प्रथिनांचे रेणू मोठे, म्हणून ते मूत्रपिंडात गाळले जात नाहीत,’ असे आपण वर्गात सांगतो. अल्ब्युमिनपुरते ते बरेचसे खरे आहे. त्याचा रेणुभार सुमारे ६६,५००. केशिकागुच्छाच्या चाळणीतून त्यातले फारच थोडे निसटते. पण इन्शुलिनचा रेणुभार जेमतेम ५,८००. ते पाण्याबरोबर सहज पार होते. मग लघवीत त्याचा जवळजवळ मागमूस का नसतो?

दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. निरोगी माणसाच्या लघवीत मात्र १५० मिलिग्रॅमहूनही कमी प्रथिने सापडतात. कारण चाळणीपुढच्या नलिकेच्या सुरुवातीच्या भागातील पेशी त्यांना वाटेतच पकडतात. पेशींच्या पृष्ठभागावरील मेगॅलिन व क्युबिलिन हे रेणू म्हणजे जणू आकडेच. पकडलेले प्रथिन पेशीत ओढले जाते, लयकारिकांतील विकरे त्याचे तुकडे करतात आणि सुटी झालेली अमिनो आम्ले रक्तात परततात. लहान पेप्टाइडे तर पेशींच्या केसाळ काठावरच तुटतात. आतड्याची आठवण व्हावी असे हे पचन!

टोचून घेतलेल्या इन्शुलिनची विल्हेवाट मुख्यतः मूत्रपिंडेच लावतात. ती निकामी होऊ लागली की इन्शुलिन रक्तात रेंगाळते. म्हणूनच जुन्या मधुमेही रुग्णाला नेहमीच्याच मात्रेने घाम, थरथर होऊ लागली, साखर वारंवार उतरू लागली, तर मधुमेह बरा होत आहे असे न समजता डॉक्टर मूत्रपिंडे तपासायला सांगतात.