पॅकमनची मालकीची वॉर्निंग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

आर्च लिनक्सवर अपडेट चालू असताना पॅकमन हा पॅकेज मॅनेजर कधीकधी मध्येच सांगतो, की अमुक डिरेक्टरीची ओनरशिप जुळत नाही. खाली आकड्यांच्या दोन जोड्या असतात: ‘फाइलसिस्टम: ०:०, पॅकेज: ०:१०२’. काहीजण त्याकडे बघतही नाहीत. काहीजण घाबरून कुठेतरी सापडलेला, मालक बदलणारा ‘सीएच-ओन’चा आदेश रूट म्हणून चालवून मोकळे होतात, आणि खरं नुकसान तिथे होतं.

अपडेट फसलं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. ही वॉर्निंग आहे, एरर नाही. पॅकेज बसलेलं असतं.

त्याहून पक्का बसलेला समज म्हणजे ‘पॅकमनने माझ्या डिरेक्टरीची मालकी बदलली’. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे: त्याने ती बदललेली नाही, म्हणूनच तो सांगतोय. पॅकेजमधली डिरेक्टरी मशीनवर आधीपासून असेल तर पॅकमन तिच्या मालकाला आणि परवानग्यांना हात लावत नाही. फरक दिसला तर तेवढा कळवतो. डेबियनचा नियमही हाच. तिथे अपग्रेडमध्ये फाइलींची मालकी पॅकेजप्रमाणे होते, पण आधीपासून असलेल्या डिरेक्टरीची होत नाही. कारण सरळ आहे. एकच डिरेक्टरी शेकडो पॅकेजं वापरतात. प्रत्येकाने आपल्या मर्जीने तिचा मालक ठरवला तर ती कधीच स्थिर राहणार नाही. म्हणून निर्णय मशीन सांभाळणाऱ्याच्या हातात राहतो.

आता ते आकडे. डिस्कवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, क्रमांक असतो. पहिला आकडा युजरचा, दुसरा ग्रुपचा. शून्य म्हणजे रूट. १०२ हा आर्चने पोलकिटडीला, म्हणजे कोणाला काय करू द्यायचं हे ठरवणाऱ्या पोलकिटच्या सेवेला, नेमून दिलेला क्रमांक. समजा ही वॉर्निंग पोलकिटच्या नियमांच्या डिरेक्टरीबद्दल आहे आणि तिथे परवानग्या ७५० आहेत, म्हणजे मालक आणि ग्रुप सोडून इतरांना ती बंद आहे. ग्रुप रूट राहिला तर पोलकिटडी ती डिरेक्टरी वाचूच शकणार नाही, आणि आतले नियम असून नसल्यासारखे होतील. इथे दुरुस्ती करायलाच हवी, पण ती एवढीच: सुडो, सीएच-ओन, ‘रूट:पोलकिटडी’, आणि त्या एकाच डिरेक्टरीचा पत्ता.

‘त्यापेक्षा सगळी यूएसआर डिरेक्टरीच रूटच्या नावावर करून टाकू, तसंही तिथलं सगळं रूटचंच असतं’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. सीएच-ओन रिकर्सिव्ह चालवला की दोन गोष्टी होतात. ज्या फाइलींचा ग्रुप मुद्दाम वेगळा ठेवला होता, त्यांचा ग्रुप जातो. आणि चालवता येण्याजोग्या फाइलीवर सीएच-ओन झाला की लिनक्स तिचा सेट-यूआयडी बिट काढून टाकतो, मालक पुन्हा रूटच ठेवला तरीही. फाइल तिच्या मालकाच्या हक्कांनी चालवणाऱ्या त्या बिटावरच सुडो उभा आहे. पुढच्या वेळी सुडो टाइप केलं की तो काम नाकारतो आणि सांगतो, की माझा मालक यूआयडी शून्य हवा आणि सेट-यूआयडी बिट लागलेला हवा. एसयू आणि पासवर्ड बदलणारा प्रोग्रामही त्याच बिटाच्या भरवशावर असतात. म्हणजे साधा युजर म्हणून लॉगिन केलेल्याला रूट होऊन हे निस्तरताही येत नाही. बऱ्याचदा लाइव्ह यूएसबी शोधावी लागते.

पॅकेजचा आकडा नेहमी बरोबर, हेही धरून चालू नये. वॉर्निंगमध्ये पॅकेजच्या बाजूला १०००:१००० दिसलं तर चूक बहुधा पॅकेज बांधणाऱ्याची असते. १००० हा मशीनवरच्या पहिल्या साध्या युजरचा क्रमांक. एयूआर या युजरांनी चालवलेल्या भांडारातल्या, दुसऱ्याच्या तयार टार फाइलीतून बांधलेल्या पॅकेजांत मूळ बांधणाऱ्याचा क्रमांक कधीकधी तसाच राहून जातो. अशा वेळी आपलं मशीन ठीक आहे. पॅकेजच्या देखभालकर्त्याला कळवावं.

तेच १००० फाइलसिस्टमच्या बाजूला दिसलं तर मात्र दुर्लक्ष करू नका. बहुधा बाहेरची टार फाइल कधीतरी रूट म्हणून थेट सिस्टमवर उघडलेली असते आणि तिने डिरेक्टरीचा मालक बदललेला असतो. डिरेक्टरीत लिहिण्याचा हक्क असलेला युजर आतली रूटची फाइलसुद्धा काढून तिच्या जागी दुसरी ठेवू शकतो. तुमच्या नावाने चाललेला कुठलाही प्रोग्राम सिस्टमची फाइल बदलू शकेल, इतका त्याचा अर्थ गंभीर आहे.

मालकीबद्दलची प्रत्येक ओळ मात्र गंभीर नसते. फेडोरावर सोर्स आरपीएम बसवताना ‘मॉकबिल्ड’ नावाचा युजर नाही, रूट वापरतो, अशी ओळ येते. तो फक्त पॅकेज ज्या व्यवस्थेत बांधलं तिथला युजर. ती सोडून द्यावी.

‘फाइल आधीच अस्तित्वात आहे’ म्हणून पॅकमन थांबतो, तो प्रकार निराळा. तिथे युजरचा संबंध नाही. ती फाइल कुठल्या पॅकेजची, हा प्रश्न असतो. ‘-क्यूओ’ पर्यायाने विचारून बघा. दुसऱ्या पॅकेजचं नाव आलं तर ते भांडण पॅकेज बांधणाऱ्यांनी सोडवायचं आहे. कोणाचंच नाव आलं नाही, तर बऱ्याचदा ती सुडो लावून पिपने टाकलेली पायथनची फाइल निघते. ती पिपनेच काढावी आणि अपडेट पुन्हा चालवावं. ‘ओव्हरराइट’ पर्याय वापरायचाच झाला तर नेमक्या त्या फाइलीपुरता वापरावा, सगळ्या सिस्टमला लागू होईल असा कधीही नाही.