दोन जिवांची बाई आणि 2.2 किलोचं बाळ

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका मुलीचा छत्तिसाव्या आठवड्याचा सोनोग्राफी रिपोर्ट घरभर फिरला. 'अंदाजे वजन 2.2 किलो' या ओळीखाली कुणीतरी पेनाने रेघ मारली होती. संध्याकाळपर्यंत ओट्यावर डिंकाचे लाडू, प्रोटीन पावडरीचे दोन डबे आणि पाच शहाळी जमली. आत्याबाईंनी निकाल दिला, "दोन जिवांची आहे, पण खाते चिमणीएवढं. बाळ भरणार कसं?" मुलगी काही बोलली नाही. डोळे पुसत लाडू खात राहिली.

हे वाक्य इतक्या घरांत ऐकलंय की आता माझी चिडचिड लपत नाही. बाळ लहान दिसतंय म्हणजे आई खात नाही, हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. आणि नवव्या महिन्यात कोंबून खायला घालणं हा त्यावरचा उपाय तर नाहीच.

आईने गिळलेला घास थेट बाळाला मिळत नाही, मध्ये वार असते. वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या पहिल्या साडेचार-पाच महिन्यांत रुंदावतात. ते काम अपुरं राहिलं, तर पुढे आईच्या रक्तात पोषण कितीही असो, पलीकडे कमीच पोचतं. नळ बारीक असला की टाकी काठोकाठ भरून उपयोग नसतो. आईचा वाढलेला रक्तदाब, रक्तक्षय, एखादा संसर्ग, बाळाच्या गुणसूत्रांतला दोष हीदेखील कारणं असतात. कधी कारण एवढंच असतं, की आई-बाप दोघंही अंगापिंडाने लहान आहेत.

परदेशातले दाखले नकोत, म्हणाल. मग पुण्याचा घ्या. 1990च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आहार बारकाईने नोंदवला गेला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास होतं. आईने किती कॅलरी आणि किती प्रथिनं खाल्ली, याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. पालेभाज्या, फळं आणि दूध यांचा दिसला. पुढे मुंबईतल्या वस्त्यांमध्ये बायकांना याच पदार्थांचा रोजचा खाऊ देऊन पाहिला. सगळ्यांची सरासरी काढली तर वजनात फरक पडला नाही. गर्भ राहण्याआधी निदान तीन महिने खाऊ सुरू केलेल्या बायकांच्या बाळांत मात्र सरासरी 48 ग्रॅमची वाढ मिळाली. म्हणजे जेवणाचा विचार करायची खरी वेळ लग्नाच्या पंगतीच्या आसपास होती. आपण जागे होतो छत्तिसाव्या आठवड्यात.

मूळचीच कुपोषित असलेल्या बाईला पुरेसं, चौरस जेवण मिळालंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण भारी प्रोटीन पावडरीचा आग्रह वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेची 2016ची मार्गदर्शिका कुपोषित गरोदर बायकांनाही जास्त प्रथिनांचे पूरक आहार देऊ नका असं सांगते. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चाचणीत त्यांनी फायदा तर झाला नाहीच, उलट लहान बाळांचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं.

वर गंमत बघा. चिमणीएवढं खाते म्हणून सुनेला बोलणाऱ्या घरात सकाळी मिश्रीची डबी सर्रास फिरते आणि त्यावर अवाक्षर निघत नाही. ती तर दात घासायची! मुंबईतल्या 1217 गरोदर बायकांचा अभ्यास 2004 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. धूर न होणारा तंबाखू, म्हणजे मिश्री वगैरे, वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी होती.

आता त्या 2.2 किलोबद्दल. बाळाला तराजूत कुणी घातलेलं नाही. डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून सूत्राने काढलेला तो अंदाज आहे आणि त्यात 10 ते 15 टक्के चूक होऊ शकते. म्हणजे बाळ 1.9 किलोचंही असेल, अडीचचंही. पर्सेंटाइल हा शब्द सीईटीने घरोघरी पोचवला आणि घोटाळा झाला. आठवा पर्सेंटाइल म्हणजे नापास नव्हे. शंभर बाळं उंचीप्रमाणे रांगेत उभी केली तर पहिली दहा कुणीतरी असणारच, आणि त्यांतली बरीच ठणठणीत असतात. डॉक्टर शोधत असतात वाढ खुंटलेलं बाळ. त्यासाठी निदान दोन, शक्यतो तीन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा मोजमाप लागतं, शिवाय नाळेतला रक्तप्रवाह पाहणारी डॉप्लर तपासणी आणि गर्भजलाचा अंदाज. दर चार दिवसांनी वेगळ्या सेंटरला जाऊन वजन 'कन्फर्म' करणाऱ्यांच्या हाती फक्त यंत्रांमधला फरक लागतो.

वाढ खरंच खुंटली असेल, तर ती वाढवणारं सिद्ध औषध आज नाही. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, देऊन पाहिलं. नेदरलँड्समधली चाचणी 2018 मध्ये अर्ध्यातच थांबवावी लागली, कारण औषध दिलेल्या गटात जन्मानंतर बाळांना फुप्फुसांचा त्रास आणि मृत्यू जास्त दिसले. उपचार म्हणजे बारीक लक्ष ठेवणं आणि पोटापेक्षा बाळ बाहेर जास्त सुरक्षित आहे असं दिसताच बाळंतपण करणं.

बाकीचे समज थोडक्यात. पोट लहान दिसतं म्हणून बाळ लहान? पोटाचा आकार आईची उंची, स्नायू आणि बाळाची स्थिती यांवरही ठरतो. शेजारणीची नजर म्हणजे मोजपट्टी नव्हे. दिवसभर पडून राहिल्याने वजन वाढतं? तसा पुरावा नाही, पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका मात्र वाढतो. रिपोर्टवर '34 आठवडे' आलंय, म्हणजे तारीख दोन आठवडे पुढे गेली? अजिबात नाही. तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने ठरते. शेवटी दिसणारे 34 आठवडे हा बाळाचा आकार आहे. तारीख पुढे ढकलली की खुंटलेली वाढ कागदावर 'नॉर्मल' होऊन जाते.

आणि "नवव्या महिन्यात जागा कमी असते, म्हणून बाळ हलत नाही" हा तर घातक समज. हालचालींची तऱ्हा बदलते, पण त्या थांबत नाहीत. नेहमीपेक्षा कमी वाटल्या, तर गोड खाऊन वाट बघायची नाही, सकाळची ओपीडी उघडेपर्यंतही थांबायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढायची.