उंदरिणीचं दूध काढताना

“उंदराचं दूध काढतेस? बादली केवढी लागते गं?” आत्यानं विचारलं. बादली कसली, बारीक काचेची नळी पुरते! आईला दिलेलं औषध दुधातून पिल्लांपर्यंत पोचतं का, हे पाहायचं तर दूधच तपासावं लागतं. आधी पिल्लं दोनेक तास वेगळी, उबेत ठेवायची, म्हणजे दूध साठतं. पण साठलं म्हणून उतरत नाही. वासरू नसेल तर गाय पान्हा चोरते ना, तसंच. म्हणून भूल देऊन ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, मग दहा सडांवरून थेंब थेंब. मिलिलिटरभर मिळालं तरी खूप; पण गाईच्या दुधापेक्षा कितीतरी दाट. जोर लावला तर सड दुखावतो आणि पिल्लं उपाशी राहतात. आई शुद्धीवर आली की पिल्लं परत तिच्याकडे. ती चोखायला लागेपर्यंत मी पिंजऱ्यापाशीच बसते.