कंपन्यांचा शिल्लक माल संस्थांपर्यंत कसा जातो?

वस्तुरूप देणगी (पैशांऐवजी माल देणे) म्हणजे मोडका, टाकाऊ माल, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात अमेरिका-ब्रिटनमधील कंपन्या देतात तो माल बहुधा कोरा असतो: वेष्टन बदलल्याने मागे पडलेला शाम्पू, हंगाम उलटलेले कोट, ऑर्डर रद्द होऊन गोदामात अडकलेल्या खुर्च्या. देणाऱ्याचे गोदामभाडे वाचते. शिवाय अमेरिकेत पात्र कंपनीला वाढीव करवजावट (करपात्र उत्पन्नातून वगळली जाणारी रक्कम) मिळते: मालाचा खर्च अधिक संभाव्य नफ्याचा निम्मा भाग, मात्र एकूण खर्चाच्या दुपटीपर्यंतच. अट अशी की माल रुग्ण, गरजू किंवा बालके यांच्यासाठीच वापरायचा, विकायचा नाही.

ट्रकभर साबण एका लहान आश्रयगृहाला काय कामाचा? म्हणून मध्यस्थ लागतो. अमेरिकेतील ‘गुड३६०’ (१९८३) किंवा ब्रिटनचे राजे चार्ल्स यांनी युवराज असताना तेथे स्थापन केलेली ‘इन काइंड डायरेक्ट’ (१९९६) अशा संस्था घाऊक माल घेतात, मागणाऱ्या संस्थांची नोंदणी तपासतात आणि गरजेपुरता माल पाठवतात.

त्यासाठी त्या हाताळणी शुल्क घेतात, आणि इथेच ‘दान विकले’ असा आक्षेप येतो. पण रक्तदाता पैसे घेत नाही, तरी रक्तपेढी तपासणी-साठवणुकीचा खर्च आकारते. हे तसेच आहे. शुल्क वस्तूचे नसून साठवण, बांधणी आणि वाहतुकीचे असते. अर्थात बाजारभावापेक्षा ते बरेच कमी असले, तरच संस्थेला हा व्यवहार परवडतो.