खंजिरी कोणाच्या हातची?

यवतमाळचा दुर्गोत्सव जवळ आला की मंडळांची लगबग सुरू होते. देखावा, रोषणाई आणि हल्ली मंडळाचं स्वतःचं गाणंसुद्धा! हे गाणं बहुधा गावातलाच एखादा तरुण घरच्या खोलीत संगणकावर तयार करून देतो. ना पेटीवाला, ना तबलजी, ना सनईवाला. तरी सगळी वाद्यं वाजतात. मग जुने भजनी नाक मुरडतात, "बटण दाबलं की वाजतं, त्याला काय संगीत म्हणायचं?"

नाक मुरडण्याची आपली ही काही पहिली वेळ नव्हे. ज्या पेटीवाचून आज आपलं भजन उभं राहत नाही, ती मुळात परदेशी. मार्च १९४० मध्ये रेडिओनं तिला दार बंद केलं. तक्रार खोटी नव्हती. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. दोन पट्ट्यांमधल्या श्रुती तिच्यात नाहीत, सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड तिला जमत नाही. खुद्द रवींद्रनाथांचा तिला विरोध होता. बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. पण गोविंदराव टेंब्यांसारख्या पेटीवादकानं त्याच्या कितीतरी आधी, १९११ मध्येच, 'मानापमान'ला चाली दिल्या होत्या. त्यांना संगीतकार न म्हणण्याची कोणाची छाती आहे?

संगणकाची तर गोष्टच उलटी. पेटीला न जमणारी मींड आणि श्रुती त्याला जमतात. म्हणजे १९४० चा आक्षेप त्याला लागूच पडत नाही.

अशाच एका तरुणाकडे मी एक संध्याकाळ बसलो होतो. या सॉफ्टवेअरमध्ये 'क्वांटाइझ' नावाची सोय असते. ती वापरली की ठेक्याचा प्रत्येक आघात अचूक मात्रेवर जाऊन बसतो. यानं ती बंद ठेवली होती आणि खंजिरीचा एकेक ठोका माऊसनं किंचित मागे ओढत होता. कारण विचारलं, तर म्हणाला, "काकाजी, तुकडोजी महाराजांच्या भजनातली खंजिरी काय घड्याळासारखी वाजते?" ठोका किती मागे ओढायचा हे त्याला संगणक सांगत नव्हता, लहानपणापासून भजनात बसून तयार झालेला कान सांगत होता.

आमच्या बँकेत लेजरच्या जागी संगणक आले तेव्हा बेरजा यंत्राकडे गेल्या. पेरणीच्या तोंडावर कर्ज कोणाला द्यायचं, हे मात्र समोरच्या माणसाकडे बघूनच ठरवावं लागे. बेरीज यंत्रानं केली म्हणून आम्हाला कोणी खोटे अधिकारी म्हटलं नाही. (निदान तोंडावर तरी!)

तेव्हा तो तरुण संगीतकारच, याबद्दल मला शंका नाही. माझी काळजी वेगळी आहे. ती खंजिरी कोणाच्या हातची? कुठल्या तरी वादकानं स्टुडिओत बसून एकेक आघात वाजवलेला असतो. तो साठवून ठेवतात आणि पुढे तोच असंख्य गाण्यांत वाजत राहतो. गाण्यावर त्या वादकाचं नाव नसतं. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं सादरीकरणाच्या व्यापारी वापरावर कलावंताला रॉयल्टीचा हक्क दिला, हे खरं. पण दारव्हा-आर्णीकडच्या ढोलकीवाल्याला त्याचा काय उपयोग? त्याला मुळात बोलावणंच येत नाही. पूर्वी भजनाची कॅसेट काढायची तर चार-पाच वादक सोबत न्यावे लागत आणि तेवढ्या घरांत चार पैसे जात. ज्यांची ऐपत आहे ते आजही माणसंच शोधतात. 'सैराट'साठी (२०१६) अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. व्हायोलिनं काय संगणकात मिळत नव्हती?

हे मी त्या तरुणाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मंडळ देते त्यात वादक कसा बसवू, तुम्हीच सांगा." त्याचंही बरोबर. मंडळाच्या वहीत मंडपाचं खातं असतं, रोषणाईचं असतं, जनरेटरच्या डिझेलचंही असतं, वादकाचं नसतं. म्हणून यंदा आमच्या भागातल्या मंडळाला सुचवलं आहे की, गाणं खुशाल संगणकावर करा, पण खंजिरी इथल्याच माणसाकडून वाजवून घ्या आणि खर्चाच्या वहीत त्याच्या नावाची एक ओळ टाका. कोषाध्यक्ष म्हणाले, "बैठकीत ठेवतो."